बिस्किटाच्या डब्यातल्या सहा चांदीच्या वस्तू : कशाच्या, कुठल्या?

पत्र्याचा_डबा

आईचे मामा मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. आम्ही त्यांना बोटीवरचे आजोबा म्हणायचो. ते जाऊन बरीच वर्षं झाली. परवा माळा आवरताना त्यांचा बिस्किटाचा डबा सापडला. आत कापसात गुंडाळलेल्या सहा वस्तू निघाल्या. मामीआजीला विचारलं तर म्हणाली, "बंदरात उतरले की काहीतरी किडूकमिडूक आणायचे. विचारलं तर नुसते हसायचे."

फोटो टाकलेत. ते उघडत नसतील तर वर्णन असं :

१) चपटी चिमुकली डबी, साडेतीन सेंमी लांब. झाकण उघडलं की खाली सोनेरी जाळी, तीही बिजागरीवर उघडते. जाळीखाली तपकिरी चुरा.
२) गोल चपटी डबी, खिशातल्या घड्याळाएवढी. आत एक मोठी आणि एक लहान अशा दोन गोल खाचा, दोन्हींच्या तळाशी स्प्रिंग. गोळ्यांची असावी. चार छाप आहेत, म्हणजे ही नक्की चांदी ना?
३) अकरा सेंमीची चपटी सळई. एका टोकाला लांबट भोक, दुसऱ्या टोकाला एवढुसा चमचा. छाप एकही नाही.
४) मासा. खवल्याखवल्यांनी अंग हलतं, डोकं उघडतं, आत पोकळ. शेपटीजवळ हंसासारखा बारीक ठसा.
५) सपाट केस, झाकणावर काळ्या रेषांचं चित्र. कडेला वेगळा छोटा कप्पा आणि एक भोक. आत ८४ आकडा आणि बाईचं डोकं.
६) जाळीकामाचा अंड्याचा कप. तळाशी गिचमिड सही.

पाचवी फार काळवंडली होती म्हणून टूथपेस्टने घासायला घेतलीय. बाकीच्या उद्या घासते.

टंच

थांबा!! काहीही घासू नका. पाचवी तर मुळीच नको. सविस्तर रात्री लिहितो.

आगाऊ_कार्टं

टंचकाका एका धाग्यावर दोन उद्गारचिन्हं देतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गुळगुळीत

पहिली तपकिरीची डबी. तपकिरी चुरा आहेच आत. सोपं आहे.

भिंगरी

गुळगुळीत, तपकीर चिमटीने उचलतात. मध्ये जाळी असेल तर चिमूट घालणार कशी? ही व्हिनेगरेट आहे, माझा अगदी लाडका विषय. जाळीखाली स्पंजाचा तुकडा असायचा, सुगंधी व्हिनेगरमध्ये भिजवलेला. रस्त्यावरची घाण, बंद बग्गी, घट्ट कॉर्सेट, यातलं काही असह्य झालं की डबी उघडून नाकाशी धरायची. तो चुरा म्हणजे वाळून कुस्करलेला स्पंज असणार. तो काढून टाकू नका!

आतून सोनेरी का, तर श्रीमंती दाखवायला नव्हे. व्हिनेगरमधलं आम्ल चांदीला खातं, म्हणून आत सोन्याचा मुलामा. तपकिरीच्या डब्याही आतून मुलामा दिलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या सोनेरी रंगावर जाऊ नये. पण सोनेरी रंग आणि बिजागरीची जाळी एकत्र दिसली की शंका उरत नाही.

जाळी उजेडासमोर धरून फोटो काढाल का? आणि तिच्या कडेला भिंगाने बघा, तिथे एक एवढासा सिंह असायला हवा.

पत्र्याचा_डबा

आहे! मुंगीएवढा सिंह! मला तो ओरखडा वाटला होता. उजेडासमोर धरल्यावर जाळीत पानाफुलांची वेल दिसते. एका कोपऱ्यात मुलामा उडून चांदी जांभळट झालीय.

मुख्य भागावर क्रमाने आहे : एन एम, नांगर, सिंह, एक अक्षर (झिजलेलं) आणि डावीकडे बघणारं एक डोकं.

भिंगरी

जांभळट कोपरा म्हणजे स्पंज तिथे टेकत असणार. मला असे डाग ठशांपेक्षा जास्त आवडतात. (टंच आता मला ओरडतील.)

टंच

ओरडत नाही, सहमत आहे. आता सविस्तर.

आधी पाचवीचं सांगतो, कारण तिथे नुकसान चालू आहे. झाकणावरचं काळं चित्र हा काळेपणा नाही, ते निएलो काम आहे. चांदीवर रेषा कोरतात, त्यात चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण भरून तापवतात आणि वर आलेलं घासून पृष्ठभाग सपाट करतात. चित्र त्या काळ्या भरणीतच असतं. टूथपेस्टमधली बारीक खर ते खरवडते. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी हा इंटरनेटवरचा लाडका उपाय तर इथे अजिबात नको. तो सल्फाइडवरच काम करतो आणि निएलो म्हणजे सल्फाइडच.

किती घासलंत?

पत्र्याचा_डबा

उजवीकडचा घोडा. म्हणजे घोडा होता. आता तीन पाय आणि शेपूट राहिलीय. बाकी घोडागाडी शाबूत आहे. काल रात्रीपासून मला नीट जेवण गेलं नाहीये.

आगाऊ_कार्टं

ताई, वाईट वाटून घेऊ नका. मी एका पितळी दिव्यावरचं शंभर वर्षांचं तेज चिंच लावून एका दुपारीत उतरवलं होतं. घरातले अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत.

टंच

झालं ते झालं. नवीन काळं भरून घ्यायला मात्र जाऊ नका, जो शिल्लक आहे तो घोडा अस्सल आहे.

ही केस रशियन आहे. ८४ हा झोलोत्निकचा, म्हणजे जुन्या रशियन वजनाचा आकडा. रशियात शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक धरत, म्हणजे ८४ भागिले ९६, हजारात ८७५ कस. तुम्ही म्हणता ते बाईचं डोकं नीट बघा. कपाळावर उंच, कमानीसारखा शिरोभूषणाचा भाग आहे का? त्याला कोकोश्निक म्हणतात. ती डावीकडे बघत असेल तर १८९९ ते १९०८, उजवीकडे बघत असेल तर १९०८ नंतरची. १८९९ च्या आधी बाई नव्हती, त्या त्या शहराचं चिन्ह असायचं.

काम कशाचं? सिगारेटची केस. कडेचा छोटा कप्पा काड्यांचा. त्याच्या बाहेरच्या कडेला खरखरीत दाते असतील, ते काडी ओढायला. आणि ते भोक लोक साखळीचं समजतात, पण ते वातीचं आहे. जाड सुती दोर त्यातून बाहेर काढायचा आणि त्याचं टोक पेटवून धुमसतं ठेवायचं. वाऱ्यात काडी विझते, दोराचा निखारा उलट फुलतो. भोकाभोवती आतून काळसर भाजल्याची खूण असेल तर केस खरंच वापरली गेलीय.

पत्र्याचा_डबा

बाई उजवीकडे बघतेय. दाते आहेत. भोकाच्या आत काळं आहे आणि ते मी घासलेलं नाही 🙏

जुनी_बरणी

सहावी वस्तू अंड्याचा कप नाही. ती झार्फ. उस्मानी तुर्कांकडे कॉफीचे पेले बिनकानाचे, चिनी मातीचे, बोटभर उंच असत. गरम कॉफीने बोटं भाजू नयेत म्हणून पेला झार्फमध्ये बसवून हातात द्यायचे. गिचमिड सही म्हणजे तुघ्रा, सुलतानाचं नाव गुंफलेली मोहर. जाळीकाम असल्याने उष्णता हाताला कमी लागते, म्हणून तारकाम. अंडं ठेवलं तर ते आत जास्त खोल बसेल, करून बघा.

पत्र्याचा_डबा

करून बघितलं. अंडं आत बुडालं. धन्यवाद!

गुळगुळीत

तपकीर हुकली, पण दुसरी वस्तू नक्की औषधाच्या गोळ्यांची. चार छाप म्हणजे इंग्लंडची शुद्ध चांदी.

टंच

चार छाप कुठले, ते आधी विचारू. ताई, अक्षरं वाचा.

पत्र्याचा_डबा

प्रत्येक चौकटीत एक अक्षर. ई, पी, एन, एस. चौकटी ढालीसारख्या, अगदी हॉलमार्क वाटतात.

टंच

म्हणून तर फसायला होतं. ई पी एन एस म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तेच निकेल सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी नावालाही नाही. एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं आणि त्यानंतर असा माल रग्गड निघाला. चौकट मुद्दाम हॉलमार्कसारखी करायचे. कडा भिंगाखाली बघा. मुलामा उडालाय तिथे पिवळट करडं दिसेल. लालसर तांबं दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मग ती जुनी शेफील्ड प्लेट असती, तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडलेली, विजेच्या मुलाम्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची.

आता गोळ्यांचं. दोन्ही खाचांचा व्यास मोजा. पट्टीने नको, व्हर्नियर असेल तर उत्तम.

पत्र्याचा_डबा

भावाच्या वर्कशॉपमधला व्हर्नियर मागवला. मोठी २२.४ मिमी, लहान १९.६ मिमी.

टंच

सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं २२.०५ मिमीचं. हाफ सॉव्हरिन १९.३. सॉव्हरिन केस आहे तुमची. नाणी एकावर एक रचायची, खालची स्प्रिंग त्यांना वर दाबते, अंगठ्याने वरचं नाणं सरकवून बाहेर काढायचं. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, लोकांच्या हातातल्या सोन्याच्या नाण्याची जागा कागदी नोटांनी घेतली आणि या केसांचं कामच संपलं. पुठ्ठ्याच्या २२ मिमीच्या तीन-चार चकत्या कापा आणि भरून बघा.

पत्र्याचा_डबा

कापल्या. खटकन बसतात आणि अंगठ्याने ढकलली की एकेक निघते. तासभर हेच खेळत बसले आहे. मुलाम्याची असली तरी मला आता हीच सगळ्यात आवडते.

भिंगरी

पहिलीचं राहिलंय. मी लिहू का? नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथलं आणि शेफील्डचं तपासणी कार्यालय, दोन्ही १७७३ मध्ये सुरू झाली. बर्मिंगहॅमला नांगर मिळाला, शेफील्डला मुकुट. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला नांगर कसा, असा प्रश्न पडतोच. सांगतात ती गोष्ट अशी की कार्यालय मिळवायला लंडनमध्ये आलेली मंडळी क्राउन अँड अँकर नावाच्या खानावळीत जमायची, तिथूनच दोन्ही चिन्हं आली. खरी असो वा नसो, लक्षात राहते.

चालणारा सिंह म्हणजे ९२५ कस, म्हणजेच स्टर्लिंग चांदी. आणि डोकं म्हणजे कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० पर्यंत मारत. तुमचं डोकं डावीकडे बघतंय ना? चौथा विल्यम उजवीकडे बघतो, व्हिक्टोरिया डावीकडे. म्हणजे सालाचं अक्षर झिजलं असलं तरी डबी व्हिक्टोरियाच्या राज्यातली.

टंच

एक सुधारणा. तिसऱ्या जॉर्जचं डोकं सुरुवातीला, १७८४ ते ८६, डावीकडेच होतं. पण ते आत दाबलेलं, खोलगट असे. ताईंच्या फोटोत डोकं उठावाचं आहे, म्हणून व्हिक्टोरियाच.

एन एम म्हणजे बहुधा नॅथॅनिएल मिल्स. बर्मिंगहॅमच्या बारीक चांदीकामातलं हे सगळ्यात ओळखीचं नाव, झाकणावर किल्ले आणि मोठ्या वास्तूंची उठावदार चित्रं असलेल्या व्हिनेगरेटसाठी प्रसिद्ध. तुमच्या झाकणावर नुसती कोरीव नक्षी आहे, तशाही त्याने पुष्कळ केल्या. बहुधा म्हणतोय, कारण आद्याक्षरं एकटी पुरत नाहीत, चौकटीचा आकारही जुळावा लागतो. तुमच्या फोटोत ती आयताकृती आणि नेमकी बसते आहे.

अक्षराचं मात्र जपून. बर्मिंगहॅमचं वर्षाचं अक्षर जुलैत बदलायचं, लंडनचं मे महिन्यात. त्यामुळे एक अक्षर दोन सालांवर पसरतं. आणि अक्षर तेच परत येतं, लिपीचा वळसा आणि ढालीचा आकार तेवढा बदलतो. "के म्हणजे अमुक साल" असं कोणी सांगितलं तर ढाल कुठली, हे विचारा.

आगाऊ_कार्टं

अवांतर : "स्टर्लिंग" असं अख्खं लिहिलं असेल तर ब्रिटिशच ना?

टंच

बहुतेक वेळा अमेरिकन. अमेरिकेत सरकारी तपासणीचे ठसे नाहीत, कारखानदारच शब्द मारतो. अपवाद आयर्लंडमधल्या कॉर्कचा, तिथले कारागीर अठराव्या शतकात हा शब्द मारायचे. ब्रिटिश माल सिंहावर भागवतो.

रात्रपाळी

तिसऱ्या वस्तूकडे कोणी बघतच नाहीये. एका टोकाला भोक, दुसऱ्याला चमचा. मीठ घ्यायचा चमचा?

भिंगरी

अहो ते कानकोरणं आहे! आणि दुसरं टोक नाडी ओवायचं. इंग्रजीत बॉडकिन म्हणतात. सतराव्या शतकात बायका हे जवळ बाळगायच्या. कपड्यांना बटणं कमी, नाड्या आणि फिती जास्त. कापडाच्या घडीतून फीत ओढून घ्यायला ही बोथट दाभणासारखी सुई लागायची.

कानकोरणं त्याच वस्तूला का? काहीजण म्हणतात स्वच्छतेसाठी, पण नेहमी दिलं जाणारं उत्तर ऐका : कानातला मळ धाग्याच्या टोकाला लावायचा, म्हणजे ते पिंजत नाही आणि भोकात सहज जातं.

आगाऊ_कार्टं

जेवायच्या आधी वाचायला नको होतं.

पत्र्याचा_डबा

मी ती बोटाने तीन वेळा पुसून बघितली होती 😶 भोकाजवळ दोन अक्षरं खरवडलीयत, टोकदार कशाने तरी, कारागिराच्या हाताची वाटत नाहीत. छाप नाही म्हणजे चांदीही नाही का?

टंच

तसं नाही. ब्रिटनमध्ये कित्येक बारीक वस्तूंना छापातून सूट होती. १७९० च्या कायद्याने तर पाच पेनीवेटपेक्षा हलक्या बऱ्याच वस्तू सुटल्या, म्हणजे साधारण पावणेआठ ग्रॅम. शिवाय इतक्या बारीक पट्टीवर पाच ठसे मारले तर पट्टीच वाकडी होईल. खरवडलेली अक्षरं मालकिणीची असणार. अशी वस्तू हरवायची, म्हणून नाव.

रात्रपाळी

चांदी आहे का ते घरी बघता येतं, आम्लाचा थेंब न टाकता. ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. आधी वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा आणि वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा. पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. स्टर्लिंग साधारण १०.३ ते १०.४, निकेल सिल्व्हर ८.७ च्या आसपास. बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, बोटाने हलकेच झटका.

फक्त भरीव वस्तूला चालतं. मासा आणि डब्या पाण्यात घालू नका, आत पाणी राहील आणि तो स्पंजही जाईल.

पत्र्याचा_डबा

कोरडी ६.२४. पाण्यात ०.६०. म्हणजे १०.४!!! निकेल सिल्व्हर असती तर ०.७२ च्या जवळ यायला हवं होतं, बरोबर ना? कानकोरणं चांदीचं. मामीआजीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणून हसायचे होय."

गुळगुळीत

मासा उरला. हंसाचा ठसा आहे, म्हणजे हंस नावाच्या घराण्याचा कारागीर. काम बघता सतराव्या शतकातला तर नक्की.

टंच

गुळगुळीत, चिकाटी मानली तुमची. हंस कारागिराचा नाही, फ्रेंच सरकारचा आहे. १८९३ पासून ज्या चांदीच्या मालाचं मूळ नक्की करता येत नाही, त्यावर फ्रान्समध्ये हंस मारतात. कस कमीत कमी ८००. त्यावरून एवढंच कळतं की १८९३ नंतर कधीतरी हा मासा फ्रेंच कचेरीतून गेला आणि तिथल्या माणसालाही तो कुठला ते ठरवता आलं नाही. ठसा म्हणजे तपासणीची पावती असते, जन्माचा दाखला नव्हे. मासा त्याआधी शंभर वर्षं जुना असू शकतो किंवा त्याच वर्षी घडवलेला.

सतरावं शतक म्हणताना जरा दमानं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या हानाऊच्या कारखान्यांनी जुन्या धाटणीचा माल, जुन्यासारखे दिसणारे बनावट ठसे मारून, ढिगाने काढला. ब्रिटनमध्ये तो आयातीचे ठसे घेऊन विकला जायचा. तुमच्या माशावर तसे ठसे नाहीत ही जमेची बाजू. पण मुकुट, ढाल, अक्षर असं काही दिसलं की जुनं, हे समीकरण डोक्यातून काढा.

भिंगरी

काम काय असेल? असे हलते मासे सुगंधासाठी वापरत, काहींत अत्तराचा स्पंज, काहींत सुयासुद्धा. ज्यू घरांत शनिवारी शब्बाथ संपताना हवदालाच्या विधीत मसाल्यांचा वास घेतात, त्यासाठी मसाल्याच्या डब्या असतात. बऱ्याच बुरुजाच्या आकाराच्या, आणि काही अशा माशाच्या. बाहेरून बघून सांगणं कठीण. डोकं उघडून वास घ्या, आत बॅटरी मारा, कापसाची काडी घालू नका.

पत्र्याचा_डबा

वास : धातू, कापूस, थोडी बिस्किटं. बॅटरीत पोटात खाली काहीतरी काळं अडकलेलं दिसतंय. खवल्यांच्या मध्ये.

टंच

उकरू नका. मासा डोकं खाली करून कागदावर धरा आणि शेपूट हळूहळू दोन्ही बाजूंना वाकवा. जितकं आपसूक वाकेल तितकंच.

पत्र्याचा_डबा

दहा मिनिटं लागली. आधी काळी भुकटी पडली आणि मग एक लवंग. वरचं फूल गेलेलं, नुसती दांडी. चुरडून वास घ्यावासा वाटत होता, पण घेतला नाही.

भिंगरी

लवंग!! हवदालाच्या मसाल्यात लवंग असतेच!

टंच

लवंग लोक कपाटातल्या कसरीसाठीही ठेवतात आणि ताईंच्या आजोबांनीही टाकली असेल. मामीआजींना विचारा.

पत्र्याचा_डबा

विचारलं. तिने हा मासा आजवर उघडलाच नव्हता. डोकं उघडतं हेच तिला माहीत नव्हतं. आजोबांना लवंगेचा वास सहन व्हायचा नाही, दातदुखीतही लावून घ्यायचे नाहीत, असं म्हणाली.

लवंग आणि भुकटी कागदाच्या पुडीत बांधून वर "माशातली" असं लिहून ठेवलंय. मासा तसाच, न घासता.